करंगळीएवढं प्रवाळ

आमच्या घरात दोन मजले, दोन माणसं आणि एक पाटी. खाली मी राहते, वर माझा धाकटा भाऊ ऑयगेन. पाटी ज्याच्या दाराच्या मुठीला लटकत असेल त्याने तो आठवडाभर जिना, दारापुढच्या पायऱ्या आणि रस्त्याकडेची फरशी झाडायची, पुसायची. शनिवारी संध्याकाळी पाटी दुसऱ्या दारावर जाते. आमच्या श्वाबेन मुलुखात हा झाडूचा आठवडा घरोघर असतो आणि सख्ख्या भावंडांनाही त्यात सूट नाही. असती तरी मी दिली नसती. ऑयगेन कोपरे सोडतो. अडुसष्ट वर्षांचा घोडा झाला, तरी कोपरे सोडतो.

मी गुड्रून. वय एकाहत्तर. लग्न केलं होतं, टिकलं नाही. का, ते नवऱ्यालाच विचारा. चाळीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं आणि तिथल्या पातेल्यात तोंड दिसायचं. माझ्या स्वच्छतेवरून गाव माझी टर उडवतं, मला ठाऊक आहे. उडवू दे. पण त्या स्वच्छतेपायी मी एकदा जे करून बसले, ते आज सांगणार आहे.

ऑयगेनने गावाबाहेरच्या चुनखडीच्या खाणीत अडतीस वर्षं सुरुंग लावले. निवृत्त झाला आणि दोन वर्षांत त्याच्या नजरेच्या बरोब्बर मधोमध डाग पडला. समोरच्याचे कान दिसत, नाक दिसत नसे. उल्म शहरातल्या डॉक्टरांनी दर सहा आठवड्यांनी डोळ्यात सुई टोचायचं ठरवलं आणि स्पष्ट सांगितलं, की याने वेग कमी होईल, थांबणार नाही. वर्ष, फार तर दीड वर्ष.

त्या दिवशी घरी आला, बूट काढले आणि माझं लाडाचं नाव घेत म्हणाला, "गुड्रूनले, मला एक टाकी घ्यायचीय. समुद्राच्या पाण्याची."

"डोळे चाललेत तुझे, आणि मासे बघत बसणारेस?"

"मासे नाही गं. दगड."

"दगड बघून पोट भरलं नाही अजून? अडतीस वर्षं काय केलंस मग?"

त्याने माझी बादली उचलली, दारापुढच्या पायरीवर सगळं पाणी ओतलं आणि मला हाताला धरून खाली वाकवलं. ओल्या दगडावर चांदण्या उमटल्या होत्या. बोटाच्या पेराएवढ्या, एकीला एक चिकटून, प्रत्येकीच्या मधोमध खळगा आणि भोवती बारीक आरे.

"पन्नास वर्षं पुसतेयस. काय आहे हे?"

"पायरी."

"प्रवाळ आहे. एकेक चांदणी म्हणजे एकेक तोंड होतं. पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथं कोमट समुद्र होता, आपल्या घरावर, देवळावर, खाणीवर. ह्यांनी पाण्यातला चुना पिऊन पिऊन हा डोंगर घातला. आणि मी बटण दाबायचो की तीन सेकंदांत वीस मीटर कडा खाली. मेलेले सगळे बघितले मी. एकदा जिवंत बघायचाय, दगड घालताना. डोळे आहेत तोवर."

मी पायरीकडे बघत राहिले. माझ्या हातात पोतेरं होतं आणि ते कुठे ठेवावं ते सुचेना. पुढचे दोन दिवस मी त्या पायरीवरून चवड्यांवर चालले. वेडेपणाच होता, पण चालले.

टाकी आली, वर ऑयगेनच्या खोलीत. आमच्या तालुक्यात समुद्राच्या टाक्या पाळणाऱ्यांचं एक मंडळ आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एका खानावळीच्या मागच्या खोलीत अकरा माणसं बिअर पीत फक्त पाण्याविषयी बोलतात. त्यांची अध्यक्ष प्लायडेरर बाई, आमच्या गावची दातांची डॉक्टर. तिने ऑयगेनला पहिल्याच दिवशी तंबी दिली. सहा महिने टाकीत फक्त दगड आणि पाणी. हात खिशात ठेवायचे. काही बदलायची हुक्की आली तर बाहेर जाऊन फेरी मारून यायचं. डोळ्यांचं कळल्यावरही तिने एक दिवस कमी केला नाही. "घाईने घातलेलं प्रवाळ मरतं," म्हणाली, "मग ते घाई करणारा कितीही गोड असो."

सहा महिन्यांनी तिने स्वतःच्या टाकीतली एक फांदी दात कापायच्या चकतीने कापून आणली. हिरवट, करंगळीएवढी. मंडळात पहिला तुकडा असाच देतात. मला ती बघून हसू आलं. एवढ्यासाठी एवढा खटाटोप!

मग ऑयगेनने माझ्या हातात भिंग दिलं.

काय सांगू? त्या करंगळीवर शेकडो तोंडं होती. मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, प्रत्येकाला इवलाली बोटं, आणि सगळी बोटं पाण्याच्या ओढीबरोबर हलत होती. प्लायडेरर बाई मागून सांगत होती, की त्या अंगात शेवाळाचे कण राहतात, ते उजेडावर अन्न करतात. आणि तोंडं पाण्यातला चुना घेऊन अंगाखाली दगड घालत जातात, केसाएवढा, रोज. मी इतकंच म्हणाले, "आणि ह्याला डोळे पण नाहीत." ऑयगेन मोठ्यांदा हसला.

तो बघायचा ते तिरकं. भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसायचा, म्हणजे प्रवाळ नजरेच्या कोपऱ्यात सापडायचं. सरळ बघितलं की गायब. तासन् तास घड्याळाकडे बघत बसलेला माणूस, आणि चेहऱ्यावर असं काही, की जणू लग्नाची वरात चाललीय पुढून.

प्रवाळाच्या खाण्यापिण्याचं सगळं पाण्यावर. पाणी कोमट, रोज तेवढंच; मीठ तेवढंच; सकाळी चुन्याची निवळी थेंब थेंब. आणि संध्याकाळी जेवणाआधी तपासणी. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी आधी निळं होतं आणि कुठल्या तरी थेंबाला एकदम पिवळं. जितके थेंब, तितका पाण्यात चुना. थेंब तो टाकायचा, रंग मी सांगायची.

"निळं. निळं. निळंच. पिवळं!"

"नऊ."

"नऊ."

की मी कॅलेंडरवर नऊ लिहायची आणि आम्ही मसुराची आमटी आणि जाड शेवयांसारखे श्पेट्झले खायला बसायचो. रंग सांगायला मी, तोंडं उघडलीत का ते सांगायलाही मी. "उघडलंय का?" सकाळी मी वर टाकीपाशी असायची आणि तो पाव घेऊन येताना जिन्यावरूनच विचारायचा. माझे डोळे त्याने उसने घेतले होते आणि मला त्याचा गर्व झाला होता.

ऑक्टोबरात एका गुरुवारी तो सुई घ्यायला उल्मला गेला. पाटी माझ्या दारावर होती. जिना केला, वरची दारापुढची जागा केली, त्याच्या खोलीचं दार उघडं होतं. टाकीच्या मागच्या काचेवर आणि दगडांवर गुलाबी-जांभळी पुटं चढली होती, आणि दगडांच्या खाचांत तपकिरी गाळ. महिनाभर ते माझ्या डोळ्यांत खुपत होतं. बिचाऱ्याला दिसत नाही, म्हटलं, म्हणून त्याने घाणीत बसावं का?

प्रवाळ मी अलगद त्याच्याच पाण्याच्या वाडग्यात ठेवलं, इतकी अक्कल होती. बाकीचे दगड बाहेर काढले आणि ब्रश घेऊन नळाच्या गरम पाण्याखाली खसाखसा घासले. पांढरेशुभ्र निघाले. काच खरवडली. दोन तासांत टाकी अशी लखलखली, की मी खुर्चीत बसून तिच्याकडे बघत एक कप कॉफी प्याले.

संध्याकाळी तो डोळ्याला पट्टी बांधून आला. मी म्हटलं, "तुझ्या काचा पुसल्या."

"जगात तुझ्यासारखी बहीण नाही," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तोंडं मिटली. पाचव्या दिवशी करंगळीच्या बुडाशी पांढरं कडं दिसलं. मी भिंग लावलं. तिथे अंगच नव्हतं. नुसता हाडासारखा दगड, आणि वरचं हिरवं अंग त्यावरून सालीसारखं सुटत चाललेलं.

जिन्यावरून आवाज आला, "उघडलंय का?"

"उघडलंय," मी म्हणाले.

इतक्या सहज गेलं ते तोंडून! दुसऱ्या दिवशीही गेलं. मग रोजच. तो घड्याळाकडे तोंड करून बसायचा आणि म्हणायचा, "आज जरा फिकट वाटतंय मला." मी म्हणायची, "दिव्याचा भास आहे." पांढरं अर्ध्यापर्यंत चढलं. एक मोठी बाई, करंगळीएवढ्या जिवासाठी चोरासारखी घरात फिरत होते.

शेवटी मी प्लायडेरर बाईच्या दवाखान्यात गेले. कुठला दात, असं विचारलं तर म्हटलं सगळेच. खुर्चीत आडवी झाले, गळ्याला रुमाल बांधला, तोंड उघडलं आणि दाताऐवजी सगळं बाहेर आलं.

"गरम पाण्याने?" तिने विचारलं.

"गरम पाण्याने."

"ब्रश लावून?"

"चांगला जोर लावून."

तिने हातातला आरसा खाली ठेवला. "गुड्रून, त्या दगडांवर आणि दगडांच्या पोटात डोळ्यांना न दिसणारी वस्ती असते. टाकीतली सगळी घाण ती खाते. तिथे झाडूचा आठवडा त्यांचा, वर्षाचे बावन्न. तू सगळे झाडूवालेच मारलेस."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

"वाचेल?"

"शेंडा वाचेल कदाचित. जिवंत भाग कापून वेगळा लावते. माझ्या टाकीतला एक घाणेरडा दगडही आणते, वस्ती पुन्हा बसेल. पण लपूनछपून काही करणार नाही. आधी त्याला सांग."

मी घरी येऊन सांगितलं. उभ्यानेच. बसायचं धाडस झालं नाही. तो घड्याळाकडे बघत होता. म्हणजे मी त्याला दिसत होते.

"किती दिवस झाले?"

"अकरा."

"आणि तू रोज म्हणालीस, उघडलंय."

"हो."

मग म्हणाला, "ब्रशचं सोड. मी डोंगर पाडलेत, तुझ्या ब्रशचं काय घेऊन बसू? पण माझे डोळे तू होतीस ना गं."

मी तशीच खाली गेले.

दुसऱ्या दिवशी प्लायडेरर बाईने नखाएवढा शेंडा कापला आणि नाण्याएवढ्या दगडी चकतीवर चिकटवला. ती चकती टाकीतल्या मोठ्या दगडाच्या खळग्यात ठेवायची होती. तिने ऑयगेनचा हात धरून पाण्यात नेला आणि ती त्याच्याकडूनच ठेवून घेतली. त्याने कडेने बोट फिरवून खळगा चाचपला. "सैल बसतेय," म्हणाला. "चोहोबाजूंनी फट आहे."

"असू दे. आता हात खिशात."

हिवाळा आला. ऑयगेन माझ्याशी बोलायचा. मीठ दे, पाटी तुझ्याकडे आहे, टपाल आलंय का. पण सकाळी जिन्यावरून विचारणं बंद झालं. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मी नाचले असते. तपासणी तेवढी चालू राहिली, कारण तिला दोन माणसं लागतात. एकदा मी "निळं" म्हणाले आणि त्याचा हात थेंब टाकायचा थांबला. "खरंच निळं?" मी नळी खाली ठेवली, स्वयंपाकघरात गेले आणि बटाट्याच्या काचऱ्या करताना रडले. कांदा नव्हता त्यात.

जानेवारीत दोन्ही डोळ्यांतले डाग पसरले आणि मग कडाही विरत चालल्या. घड्याळाकडे बघितलं तरी टाकी म्हणजे नुसतं निळं धुकं. मार्चपासून तो खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसू लागला. उजेड तेवढा कळतो, म्हणाला. ज्यासाठी टाकी घेतली ते बघायचं राहून गेलं होतं, आणि त्यातले अकरा दिवस मी खाल्ले होते. हे मला झोपेतसुद्धा विसरता येत नव्हतं.

एप्रिलात नऊचे आठ झाले. पुढच्या आठवड्यात सात. म्हटलं, आता आणखी काय बिघडलं. प्लायडेरर बाईला फोन केला तर ती ओरडलीच, "अगं, बिघडलं कसलं? कोणी तरी चुना पितंय!" मी भिंग घेऊन धावले. चकतीवर शेंड्याच्या बुडापासून एक पातळ हिरवट साय पसरली होती आणि तिच्या कडेला पांढरी किनार. साय जिथे पोचली होती तिथे नवी तोंडं, किती ती! त्या तोंडांनी पहिल्यांदा पाणी बघितलं असेल, तेव्हा आम्ही खाली श्पेट्झले खात होतो.

"ऑयगेन! वाढतंय रे! चकतीवर पसरलंय!"

"बरं," तो खिडकीकडे बघत म्हणाला.

लहान मुलाने ढगात हत्ती दाखवला की म्हणतात तसं. विश्वास कसा ठेवणार? सात थेंबही माझ्याच डोळ्यांचे, साय पण माझ्याच डोळ्यांची. मी बोलत गेले तेवढं ते आणखी खोटं वाटायला लागलं. म्हणून बोलायचं थांबले.

जूनमधल्या एका रविवारी जेवणं झाली आणि मला वाटलं, ती चकती उचलून पुढे काचेजवळ, दिव्याखाली ठेवली तर निदान हिरवा रंग तरी त्याच्या धुक्यात शिरेल. प्लायडेरर बाईला विचारून घेतलं. आता माझा कानाला खडा आहे. साबण न लावता हात धुतले, पाण्यात घातले, चकती धरली. येईना.

"काय चाललंय?" त्याने खिडकीकडूनच विचारलं.

"चकती पुढे घेतेय. अडकलीय कशात तरी."

"जोर लावू नकोस!" तो इतक्या झटक्यात उठला की खुर्ची पडली. "सर. सर तिथून."

त्याने रविवारच्या शर्टाची बाही दुमडली आणि चाचपत हात पाण्यात घातला. आधी मोठा दगड शोधला, मग त्यावरून बोटं चालवत चकतीपर्यंत आला. दोन बोटांनी तिची कड धरली आणि अगदी हलकेच उजवीकडे ढकलून बघितली. मग डावीकडे. मग थांबला.

"अडकलीय ना?" मी म्हटलं.

"गप्प बस जरा."

त्याने डोळे मिटून घेतले. ज्या माणसाने अडतीस वर्षं कड्यावर हात फिरवून फट शोधली, कारण फट सापडल्याशिवाय डोंगर फुटत नाही, त्याच्या करंगळीचं नख चकतीच्या कडेने सावकाश चाललं होतं. एका जागी अडखळलं. मागे आलं. पुन्हा गेलं.

"अडकलेला दगड खुळखुळतो," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "कितीही घट्ट असू दे, हाताला कळतं. हा खुळखुळत नाही. इथे फट होती, गुड्रून. मी स्वतः चाचपली होती. आता नाहीये."

"मग?"

"भरलीय. त्यानं भरलीय. चकती आणि दगड एक झालेत." बाहीतून पाणी कोपरापर्यंत निथळत होतं, शर्ट भिजत होता, त्याचं लक्ष नव्हतं. "आयुष्यभर मी दगड सुटे केले गं. एकमेकांना धरताना कधी हाताला लागले नव्हते."

त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. माझ्याही. ते पुसायचं मला सुचलं नाही. मला, गुड्रूनला! आमच्या गावाचा डोंगर जसा धरला गेला, घर धरलं गेलं, तसं माझ्या भावाच्या हाताखाली, ह्या खोलीत, मोहरीएवढ्या तोंडांनी दगडाला दगड धरला होता. आणि मी नुसती उभी होते, लहानपणी देवळात उभी राहायची तशी.

हात पाण्यातच ठेवून त्याने मान माझ्याकडे वळवली.

"उघडलंय का?"

आठ महिन्यांनी त्याने मला ते विचारलं होतं. हो म्हणायला माझी जीभ अगदी पुढे आली होती. मी भिंग लावून नीट बघितलं.

"नाही," मी म्हणाले. "सगळं मिटलंय. तुझा राक्षसाचा पंजा आहे ना आत, घाबरलंय ते."

तो हसला. हात अलगद बाहेर काढला, पडलेली खुर्ची चाचपून उचलली आणि टाकीकडे तोंड करून बसला.

"बघत बस," म्हणाला, "आणि उघडलं की सांग."

मी शेजारी स्टूल ओढलं. भिंगामागे डोळा दुखायला लागला तरी हलले नाही. वीसेक मिनिटांनी चकतीच्या कडेला, जिथे फट होती तिथेच, एक तोंड उघडलं.

"एक," मी म्हणाले.

"एक," ऑयगेन म्हणाला.

"शेजारचं पण. दोन. खाली आणखी एक. तीन."

"तीन," तो म्हणाला, आणि माझ्यामागोमाग मोजत राहिला.